घरातली ख्रिस्ती गीते आणि रोजची उपासना : आपापले अनुभव

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती घरांत भक्तीची रीत मंडळीगणिक, म्हणजे चर्चगणिक, वेगळी असते. कोणाकडे संध्याकाळची जपमाळ असते, कोणाकडे रात्रीच्या जेवणापूर्वी बायबलचा एक अध्याय वाचला जातो. गाणे मात्र सगळीकडे असते. कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच शहरात झाला, आणि तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीने रचलेली गीते आजही रविवारच्या भक्तीत गायिली जातात. अशा गीतांविषयी आणि आठवड्याच्या इतर दिवसांतल्या श्रद्धेविषयी आम्ही काही जणांना लिहायला सांगितले होते. मत मांडण्यापेक्षा आपल्या घरात, आपल्या मंडळीत काय घडते ते लिहावे, एवढीच विनंती होती.

भायखळा, निवृत्त शिक्षिका

आमचे कुटुंब मूळचे नगर जिल्ह्यातले. आजोबा गिरणीत काम मिळाले म्हणून मुंबईला आले. येताना त्यांनी बायबल आणि गीतांचे पुस्तक आणले होते, आणि चाळीतल्या खोलीत पेटी घेण्याइतके पैसे जमेपर्यंत टाळांवरच कौटुंबिक भक्ती चालली. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली गीते मी वाचायला शिकण्यापूर्वीच पाठ केली होती. पुढे शाळेत मराठी शिकवताना मला या गीतांचा एक भेद स्पष्ट दिसू लागला. परदेशी चालीवर बसवलेल्या गीतांत चालीचा आघात पुष्कळदा मराठीतल्या ऱ्हस्व अक्षरावर येतो, मग ते अक्षर ताणून म्हणावे लागते आणि अर्थाकडे लक्ष राहत नाही. अभंगात किंवा ओवीत ही ओढाताण होत नाही, कारण तिथे चाल मराठी बोलण्याच्याच लयीतून आलेली असते. म्हणून टिळकांचे अभंग म्हणताना मी प्रार्थना करते आहे असे मला वाटते, आणि काही भाषांतरित गीते म्हणताना मात्र आपण नीट गातो आहोत ना, याचीच काळजी लागून राहते. तरीही ती परदेशी चालीची गीते काढून टाकावीत असे मी म्हणणार नाही. आईच्या अंत्यविधीला शिवडीच्या दफनभूमीत आम्ही अशाच एका जुन्या इंग्रजी चालीवरचे गीत म्हटले, आणि त्या दिवशी मला तेच गीत हवे होते.

वसई, रोज चर्चगेटपर्यंत प्रवास करणारा कॅथलिक

आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होते हे आजच्या मुलांना स्वाभाविक वाटते. माझ्या आजीच्या तरुणपणी ती लॅटिनमध्ये होत असे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि त्यानंतर लोकभाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. आजी सांगायची की त्यापूर्वी लोक मिस्सेच्या वेळी आपापली जपमाळ म्हणत बसत. मात्र मराठीत ख्रिस्ताचे गुणगान त्याहून कितीतरी जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या इंग्रज धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी काव्य १६१६ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापले गेले आणि त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. हे मला मोठेपणी वाचून समजले, आणि आपली भक्ती या भाषेत उपरी नाही याचा मनापासून आनंद झाला.

विरार लोकलमध्ये सकाळी भजनी मंडळ असते. ते टाळांच्या गजरात अभंग गातात तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बोटातल्या अंगठीवर जप मोजतो. त्या गायनाचा मला कधी अडथळा वाटला नाही. उलट एखाद्या दिवशी मंडळ नसले की माझाही जप लवकर भरकटतो.

वांद्रे गावठाण, ईस्ट इंडियन (मुंबईतल्या मूळच्या कॅथलिक समाजातली) गृहिणी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे. मुंबईच्या गावठाणांतले पुष्कळ क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात लोकांनी नवसाने उभारले, आणि आमचाही त्यांतलाच, असे घरची मोठी माणसे सांगत. मे महिन्यात संध्याकाळी तिथे रोझारी (जपमाळ) म्हणतो, मग लितानी गातो आणि शेवटी उकडलेले चणे वाटतो. लितानीत एक जण मारियेचे एकेक नाव घेतो आणि सगळे मिळून उत्तर देतात, त्यामुळे लहान मूलही पहिल्याच दिवशी सामील होऊ शकते. श्रद्धा मुलांना शिकवण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. गेल्या काही वर्षांत जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहिल्या, तरी नव्या इमारतीतली हिंदू आणि मुसलमान मुलेही चण्यांसाठी येतात आणि उत्तरे म्हणून जातात.

दादर, ख्रिस्ती नसलेली एक वाचक

मला लिहायला सांगितले याबद्दल आभार. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नऊ आठवडे करायची सामूहिक प्रार्थना, चालू आहे, आणि त्या गर्दीत माझ्यासारख्या हिंदू बायका खूप असतात. मुलाच्या आजारपणात कार्यालयातल्या मैत्रिणीने मला तिथे नेले. आमच्या घरी देवासमोरची प्रार्थना मनातल्या मनात करायची पद्धत आहे. तिथे अनोळखी माणसे एका आवाजात मागणे मागत होती, आणि माझे दुःख त्या आवाजात मिसळले तेव्हा पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. मुलगा बरा झाला. मी अजूनही जाते आणि घरी येऊन गणपतीसमोर दिवाही लावते.

भांडुप, परिचारिका

अतिदक्षता विभागात काम करताना रुग्णाने प्रार्थना म्हणायला सांगितली तर मी बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हणते. मेंढपाळाचे ते चित्र कोणत्याही धर्माच्या माणसाला लगेच कळते. २०२० मध्ये १२ एप्रिलला ईस्टर आला आणि चर्चची दारे बंद होती. आमच्या मंडळीने फोनवरून भक्ती घेतली. प्रत्येकाचा आवाज थोडा मागेपुढे पोहोचत असल्याने एकत्र गाणे जमेना. शेवटी एकाने गायचे आणि बाकीच्यांनी आपापला आवाज बंद ठेवून घरात म्हणायचे असे ठरले. पाळकसाहेबांचा उपदेश नीट ऐकू आला, वाचनही झाले, तरी उपासना झाली असे वाटले नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा बेसूर आवाजसुद्धा उपासनेचा भाग असतो, हे मला त्या दिवशी उमगले.

चेंबूर, गायनवृंदातला तरुण

आमच्याकडे आता गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर शब्द असतात. नवी हिंदी गीते मला मनापासून आवडतात. माझी श्रद्धा त्यांच्याच बळावर तरुणपणात टिकली. पण ध्वनिक्षेपकाचा आवाज इतका वाढला की मंडळीला स्वतःचा आवाज ऐकू येईना, आणि वयस्क माणसे नुसती उभी राहू लागली. मला हे गंभीर वाटते. प्रॉटेस्टंट उपासनेत गाणे हा मंडळीचा वाटा आहे, तो व्यासपीठावरच्या पाच जणांनी उचलून घ्यायचा नाही. आम्ही तालमीत ठरवले की दर रविवारी एक गीत फक्त पेटी आणि तबल्यावर घ्यायचे आणि वृंदाने खाली, लोकांत उभे राहून म्हणायचे.

त्यातून एक नवी अडचण समोर आली. आमच्या जुन्या पुस्तकांत शब्द आहेत, पण स्वरलेखन नाही, आणि चाली वृद्धांच्या गळ्यातच आहेत. म्हणून भक्तीनंतर आम्ही आजीआजोबांकडून चाली ध्वनिमुद्रित करून घेतो. टिळकांचा एकच अभंग दोन आज्यांनी दोन चालींत म्हटला आणि दोघींनीही आपलीच चाल मूळ असल्याचे सांगितले. एकीचे माहेर नगरचे, दुसरीचे नाशिकचे. दोन्ही चाली आम्ही बसवल्या आहेत, आणि ज्यांच्या घरी तिसरी असेल त्यांनी ती आम्हाला शिकवावी.