मदत हवी आहे : रविवारी चेस्टनटच्या जत्रेला जायचंय, पण स्टेशन एकीकडे आणि गाव दुसरीकडे?

कृष्णाकाठ
आई-बाबा सांगलीहून आलेत. येत्या रविवारी त्यांना इथे इटलीत चेस्टनटच्या जत्रेला न्यायचंय. रेल्वेच्या साइटवर गावाचं स्टेशन दिसतंय, पण नकाशात गाव डोंगरापलीकडे आहे आणि स्टेशनपासून चालत काही तास दाखवतंय. मग लोक जातात कसे? बसही सापडत नाही. तिकीट आजच काढायचंय. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

घाटवाट
कुठलं गाव? कुठून निघणार? ऑक्टोबरात इटलीत डोंगरातल्या गावोगावी ही जत्रा असते. रोमच्या उत्तरेला सोरिआनो नेल चिमिनोची वेगळी, इमोलाच्या वरच्या डोंगरात कास्तेल देल रिओची वेगळी. नुसतं 'चेस्टनटची जत्रा' म्हणून कसं कळणार?

मुशाफिर_७२
सरळ गाडी भाड्याने घ्या. आम्ही तोस्कानात आठ दिवस गाडीनेच फिरलो. ट्रेनच्या वेळा बघत बसण्यात अर्धी सुट्टी जाते. फक्त भारतीय लायसन्स असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात गाडी घालू नका. कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाची नोटीस पुढे महिन्यांनी घरी येते.

कृष्णाकाठ
फ्लॉरेन्सहूनच निघतोय, तिथेच राहिलोय. गाव पालात्सुओलो. मी म्युनिकला असते, लायसन्स जर्मन आहे, प्रश्न तो नाही. आईला घाट लागतो. पन्हाळ्याला जातानासुद्धा दोनदा गाडी थांबवावी लागते. त्यामुळे गाडी नकोच.

लोहमार्ग
आता उलगडा झाला. त्या स्टेशनचं पूर्ण नाव 'मार्रादी-पालात्सुओलो सुल सेनिओ' आहे. ही दोन गावं आहेत आणि दोन वेगळ्या खोऱ्यांत आहेत. मार्रादी लामोने नदीवर, पालात्सुओलो सेनिओ नदीवर, मध्ये डोंगर. रेल्वे जाते ती फक्त मार्रादीला. 'सावंतवाडी रोड' स्टेशनवर उतरून आपण सावंतवाडीत पोचत नाही, तसंच हे.

चेस्टनटचा बाजार दोन्ही गावांत ऑक्टोबरच्या रविवारी भरतो. त्यातली मार्रादीची जत्रा मोठी आणि जुनी, आणि स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी नक्की कुठल्या गावाचं नाव घेतलं होतं? स्टेशनच्या नावातला दुसराच भाग तर तुम्ही उचलला नाहीत ना?

कृष्णाकाठ
ऑफिसमधल्या मैत्रिणीने स्टेशनचं नाव लिहून पाठवलं होतं, मी शेवटचे शब्द नकाशात टाकले. आत्ता तिला विचारलं. मार्रादीच! म्हणजे ट्रेनने सरळ जाता येतं? बदलावी लागते का?

लोहमार्ग
फ्लॉरेन्स-फाएन्झा मार्गावरच आहे. सांता मारिया नोव्हेल्ला या फ्लॉरेन्सच्या मुख्य स्टेशनहून थेट गाड्या आहेत, काही वेळा बोर्गो सान लोरेन्झोला बदलावी लागते. साधारण सव्वा ते दीड तास. १८९३ साली पूर्ण झालेला मार्ग आहे, सगळा अपेनाइन्स डोंगररांगेच्या बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो. आईंना कर्जत-लोणावळा चालत असेल तर हेही चालेल.

दोन गोष्टी मात्र आज नक्की करा. एक, त्या दिवशी गाड्या खरंच धावताहेत का ते पाहा. मे २०२३ च्या पुरात इथे दरडी कोसळून गाड्या बंद होत्या, आणि पावसाळी हवेत आजही रेल्वेऐवजी बस सोडण्याची वेळ येते. दोन, संप आहे का ते बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरलेल्या गाड्या सोडतात, रविवारी तशी हमी नसते.

तिकिटाची घाई नको. रिजनल गाडीला आसन क्रमांक नसतो, त्यामुळे तिकीट संपत नाही. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या. मोबाइलवर घेतलंत तर चेक-इन करा. विसरलात तर दंड.

मुशाफिर_७२
तिकीट संपत नाही, पण जागा संपते त्याचं काय? जत्रेच्या दिवशी ज्येष्ठ माणसांना दीड तास उभं राहायला लावणार? सकाळी लवकर गाडीने निघालात तर रस्ता मोकळा मिळतो.

घाटवाट
तो रस्ता मी सायकलने केलाय. बोर्गो सान लोरेन्झोहून कोल्ला दी कासाल्याची खिंड ९१३ मीटरवर आहे, आणि दोन्ही अंगांनी वळणंच वळणं. सुंदर आहे, पण ज्यांना पन्हाळा सोसत नाही त्यांना तिथे नेऊ नका. जागेचं म्हणाल तर सकाळची पहिली गाडी धरा आणि परत दुपारी तीनच्या सुमारास निघा. संध्याकाळी सगळे एकदम परततात.

वाफेचं_इंजिन
काही रविवारी जत्रेसाठी जुन्या डब्यांची खास गाडी सोडतात, काही वेळा वाफेच्या इंजिनाचीही. लहानपणी मिरजेला इंजिनं पाहिलेल्या माणसाला याहून मोठी भेट नाही. बाबांसाठी चौकशी कराच. आधी आरक्षण लागतं.

कृष्णाकाठ
बाबांना आवडलं असतं, पण आत्ता पाहिलं तर या रविवारची भरली आहे. साध्या गाडीने जाऊ. आता खाण्याचं सांगा. आईचा रविवारचा उपवास असतो आणि दोघंही अंडं खात नाहीत.

घाटवाट
हे आधी सांगायचं ना!

स्वयंपाकघर
मार्रादीचा नावाजलेला केक, तोर्ता दी मार्रोनी, अंडी आणि दूध घालून करतात, बऱ्याचदा त्यात रमही असते. तो टाळा. तोर्तेल्ली म्हणजे सारण भरलेला पास्ता, त्याच्या आत चेस्टनटचं सारण असलं तरी पारीत अंडं असू शकतं, शिवाय वरून बऱ्याचदा मांसाचा रस्सा घालतात. कास्तान्याच्चो मात्र चालेल. चेस्टनटचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, वर बेदाणे, चिलगोज्यासारख्या बिया आणि रोझमेरी. अंडं नाही, गव्हाचं पीठ नाही. 'सेन्त्सा उओवा' म्हणजे अंड्याशिवाय, एवढं पाठ करा.

आणि भाजलेली चेस्टनट! मोठ्या भोकाभोकांच्या कढईत जाळावर भाजतात. चव आठळ्या आणि रताळं यांच्या मधली. काजू-बदामासारखं तेल यात नाही, पिष्टच जास्त. म्हणून बाबांना डायबेटिस असेल तर मोजून द्या.

नर्मदेहर
चेस्टनट म्हणजे शिंगाडाच. उपवासाला नि:शंक चालतो.

स्वयंपाकघर
नाही हो. इंग्रजी नावामुळे घोटाळा होतो. शिंगाडा तळ्यात येतो, वेल पाण्यावर तरंगते. हे डोंगरातलं मोठं झाड आहे, एकमेकांशी काही नातं नाही.

नर्मदेहर
झाड वेगळं असेल, पण धान्य तर नाही ना? साबुदाणा ज्या कसावापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटाही तिथलाच. ते आपण देवापुढे ठेवतो. मग झाडाचं फळ का चालू नये?

स्वयंपाकघर
चालू नये असं मी म्हटलंच नाही. शिंगाडा नाही, एवढंच म्हटलं. चालायचं की नाही ते त्यांच्या आई ठरवतील.

इझारकाठ
मीही म्युनिकला असतो, म्हणून सांगतो. आपल्याकडे बिअर गार्डनमध्ये जी कास्टानिएन पडलेली असतात ती घोडचेस्टनट, विषारी. जत्रेहून आल्यावर आईबाबा बागेत वेचायला लागतील, तेव्हा लक्ष ठेवा. खाण्याच्या चेस्टनटचं बोंड साळिंदरासारखं दाट काट्यांचं असतं आणि बीला टोकाशी छोटा तुरा असतो. घोडचेस्टनटच्या टरफलावर काटे विरळ, बी गोल गुळगुळीत.

पाटपाणी
अवांतर : घरी भाजताना प्रत्येकाला आडवी चीर द्या, नाहीतर फुटतात. आमच्याकडे एकदा ओव्हनचा दिवा गेला. गरम असतानाच सोला, गार झाली की आतली साल निघत नाही. आणि 'मार्रोने देल मुजेल्लो' लिहिलेली पिशवी घ्या. देवगड हापूसला जसं मानांकन आहे तसं त्यांना १९९६ पासून युरोपीय संघाचं आहे. मोठी, गोड, आतली साल अलगद सुटणारी.

कृष्णाकाठ
आईला विचारलं. म्हणाली, "आठळ्यांसारखं असेल तर चालेल, पण मीठ नको." केक फक्त मी खाणार. रविवारी पहिली गाडी धरतोय. सगळ्यांचे मनापासून आभार. लोहमार्ग, तुम्ही नसतात तर पालात्सुओलोला चालत निघालो असतो.

लोहमार्ग
थांबा, येता रविवार म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा ना? त्या पहाटे तीनला घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलेल. बाबांचं मनगटी घड्याळ शनिवारी रात्रीच मागे करून ठेवा, म्हणजे परतीच्या गाडीची वेळ सांगताना दोघांत गोंधळ होणार नाही.