फेरो, फेर्रे, तुली, लातुम – हे एकच क्रियापद कसं?

प्रश्न:
लॅटिन कोशात 'वाहून नेणे' या क्रियापदाची चार मुख्य रूपं दिलीत : फेरो (मी नेतो), फेर्रे (नेणे), तुली (मी नेलं), लातुम (नेण्यासाठी). पहिल्या दोघांचं नातं दिसतं. तुली आणि लातुम कुठून आले? शिवाय वर्तमानकाळात 'फेरिस, फेरित' न होता 'फेर्स, फेर्त' का?

प्रतिसाद १:
मराठीत 'जातो' पण 'गेला'. 'जा' संस्कृत 'या' धातूचा, 'गेला' 'गम्'च्या 'गत'वरून आलेला. इथेही तसंच आहे. फेरो म्हणजे आपला 'भृ' : भरति, भार, भरणे. मूळचा भ लॅटिनमध्ये शब्दारंभी फ होतो; भ्रातृ–फ्रातेर हीच जोडी बघा. तुलीचा धातू वेगळा, अर्थ उचलणे, पेलणे. तुला, तोलणे हे त्याच कुळातले. लातुमही तिथलाच, आधी तो 'त्लातुम' होता. लॅटिनला शब्दारंभी 'त्ल' चालत नाही, म्हणून त गळला. तेव्हा धातू तीन नाहीत, दोनच. आणि लातुमच्या शेवटचा 'तुम' म्हणजे कर्तुम्, गन्तुम् मधला तुम्.

प्रतिसाद २:
वर्तमानकाळ पूर्ण असा : फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. प्रत्यय स किंवा त ने सुरू झाला की मधे स्वर येत नाही. तो मागाहून गळला की मुळातच नव्हता, यावर मतभेद आहेत. ऋग्वेदात भरतिसोबत 'भर्ति'ही सापडतं. फेर्रे म्हणजे फेर् + से. 'एस्से' (असणे) मधला हाच से, र-शेजारी रे झाला. आज्ञार्थ नुसता 'फेर', 'फेरे' नव्हे. सर्वांत जास्त चूक होते ती भविष्यकाळात : फेर्स 'तू नेतोस', फेरेस 'तू नेशील'. एका स्वराने काळ बदलतो.

प्रश्नकर्ता:
आणि रेफेरोचं (रे + फेरो, परत नेणे) भूतकाळी रूप रेत्तुली, त्यात दोन त कसे?

प्रतिसाद १:
जुन्या लॅटिनमध्ये तुलीचं रूप 'तेतुली' होतं, बभार, चकारसारखं धातूचं पहिलं व्यंजन दोनदा आलेलं. रोमन नाटककार प्लाउतुसच्या नाटकांत ते आहे. रे + तेतुली, मधला ए गळला, दोन्ही त उरले. बाकी उपसर्ग लावताना व्यंजनं सांभाळा : आफ्फेरो, आत्तुली, आल्लातुम (आणणे), आउफेरो, आब्स्तुली, आब्लातुम (काढून नेणे). 'सुस्तुली, सुब्लातुम' दिसलं तर आधी 'तोल्लो' (उचलणे) खाली शोधा. तुलीच्याच धातूचं हे क्रियापद, आणि ही दोन रूपं बहुतेक वेळा त्याचीच असतात.