एमआरआय काढला तर भावाच्या जिवाला धोका आहे का ते कळते का?

वावरातली_ताई (दिग्रस तालुका, यवतमाळ)
माझा लहान भाऊ 29 वर्षांचा. पोळ्यापासून त्याचं मन कशातच लागेना. कापूस वेचायला आला तरी वावरात जात नाही, पहाटे तीनला उठून ओसरीत बसून राहतो. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. गोळ्यांना सात आठवडे झाले, झोप जरा सुधारली. म्हणून मीही थोडी निवांत झाले होते.

सोमवारी त्यानं ढवळ्याची वेसण बदलली, ढेप घातली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "ताई, माह्या मांगं ढवळ्याले इकू नोको." तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे.

मोबाईलवर पाहिलं की मेंदूचा फोटो काढून कॉम्प्युटर आत्महत्येचा धोका 91 टक्के अचूक सांगतो. आमचे हे म्हणतात, पैसे उसने घेऊ अन् नागपूरला नेऊ. खरंच कळते का? कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

मशीनवाला_नागपूर
ताई, मी 11 वर्षं एमआरआय मशीन चालवतो. यासाठी पैसे उसने घेऊ नका. आमच्या मशीनवर गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो. डॉक्टरांना तशी शंका असेल तर ते स्वतःच लिहून देतील. माणूस जीव देईल का, हे त्या फिल्मवर उमटत नाही.

तो 91 टक्क्यांचा आकडा कुठून आला ते सांगतो. 2017 साली अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठाचे मार्सेल जस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आत्महत्येचे विचार येणारी 17 तरुण माणसं आणि 17 निरोगी माणसं फंक्शनल एमआरआयमध्ये झोपवली. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथं ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातं, ते हे मशीन टिपतं. त्यांना 'मृत्यू', 'स्तुती' असे शब्द दाखवले, आणि कॉम्प्युटरनं 34 पैकी 31 जण बरोबर ओळखले. पुढं दुसऱ्या संशोधकांनी हिशेबातली खोट दाखवली. ज्या माहितीवरून मेंदूतल्या जागा निवडल्या, तिच्यावरच परीक्षा घेतली होती, म्हणजे पेपर आधी पाहून सोडवल्यासारखं. 2023 मध्ये त्यांचा तो शोधनिबंध मागे घेतला गेला. व्हिडिओ मात्र अजून फिरतात, याचा मला फार राग येतो.

आणि त्या 17 जणांना असे विचार येतात हे शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होतं. कारण त्यांनी ते तोंडानं सांगितलं होतं.

राजू_वाशिम
जिवापेक्षा पैसा मोठा नाही. काढून घ्यायला काय हरकत?

मशीनवाला_नागपूर
दादा, हरकत आहे. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून आलं की घरचे पहारा सोडतात. समजा, अशी तपासणी निघाली आणि ती 90 टक्के बरोबर आली. 1000 रुग्णांत खरा धोका 10 जणांना असेल, तर त्यातले 9 सापडतील, एक सुटेल आणि धोका नसलेल्या 99 जणांवर शिक्का बसेल. तो सुटलेला एक कोणाच्या तरी घरचा आहे.

आशा_सेविका_दारव्हा
ताई, आधी आज रात्रीचं बघा. ढवळ्याचं बोलला ते साधं समजू नका. जवळ बसून सरळ विचारा, "भाऊ, जीव द्याचा इचार येते का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होते. त्याला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं घरात नको, कोठ्यात नको, शेजाऱ्याकडं कुलपात ठेवा. पुढच्या तारखेची वाट न पाहता उद्याच डॉक्टरांकडं न्या आणि ढवळ्याचं वाक्य जसंच्या तसं सांगा. गोळ्या मनानं बंद करू नका. टेली मानस या सरकारी हेल्पलाईनचा 14416 रात्रीही लागते, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आमच्याकडं 9 प्रश्नांचा कागद असते, नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. मागच्या साली एका घरी बाकी आठ उत्तरं भरभर आली. नवव्याला काका थांबले, तंबाखूच्या पुडीची घडी घालत बसले, मग "हो" म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या, त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावातलीच माणसं तयार करून घरोघरी अशी विचारपूस केली होती. दीड वर्षात डिप्रेशनवर मदत घेणारे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. तिथं कोणाचा एमआरआय काढला नव्हता, ताई.

वावरातली_ताई
विचारलं. कासरा वळत होता, हात थांबले. बराच वेळ काही बोलला नाही. मग "येते" म्हणाला, अन् खूप रडला. मीही रडले. 14416 लावला, तो स्वतः वीस मिनिटं बोलला. औषधाचे डबे आमच्या ह्यांनी शेजारच्या काकांकडं नेऊन ठेवले. रात्री आम्ही दोघं आळीपाळीनं जागणार आहोत. सकाळी सातच्या एसटीनं यवतमाळला निघतो, ढवळ्याला काका पाणी पाजतील.