लायन्सचं नशीब पालटतंय हे तुम्हाला नक्की कधी कळलं? (अनुभव धागा)

नोव्हाय, मिशिगन

मंडळी, मिशिगनमध्ये येऊन मला एकोणीस वर्षं झाली. त्यातली पहिली पंधरा वर्षं सोमवारी सकाळी ऑफिसात डेट्रॉइट लायन्सचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, विषय निघाला की घरात कुणी आजारी असल्यासारखी लोक एकमेकांची विचारपूस करायचे. २००८ साली सोळाच्या सोळा मॅच हरलो. १९५७ नंतर अजिंक्यपद नाही, जानेवारी १९९२ नंतर प्लेऑफमधला (सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांमधला) एक विजय नव्हता. बॅरी सँडर्ससारखा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू १९९९ मध्ये ऐन भरात असताना खेळ सोडून गेला, २०१६ मध्ये केल्विन जॉन्सननंही खेळ सोडला. दोघांनाही इथले लोक आजही डोक्यावर घेतात, पण ते सोडून गेल्याची चुटपुट मी पाहिली आहे.

जानेवारी २०२१ मध्ये डॅन कॅम्पबेल हेड कोच म्हणून आला. टेक्सासचा, दांडगा, स्वतः टाइट एंड (समोरच्यांना अडवणारा आणि पासही पकडणारा खेळाडू) म्हणून खेळलेला. २००६ ते २००८ तो लायन्सकडेच होता, म्हणजे त्या शून्य-सोळाच्या टीमचाही भाग. पहिल्याच पत्रकार परिषदेत तो म्हणाला की या शहरानं फार सोसलंय आणि ही टीम या शहरासारखी असेल. आम्हाला पाडलं तर आम्ही उठू, आणि उठताना समोरच्याच्या गुडघ्याची वाटी चावून तोडू. देशभर त्या वाक्यावर हसले. मला मात्र त्यातलं आधीचं वाक्य, शहराबद्दलचं, लक्षात राहिलं.

मला सगळ्यांकडून मोठे विजय ऐकायचे नाहीत. 'आता काहीतरी वेगळं आहे' असं तुम्हाला ज्या क्षणी वाटलं, तो क्षण लिहा.

सुरुवात मी करतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये बॉल्टिमोरविरुद्ध आम्ही जिंकत आलो होतो. शेवटच्या सेकंदाला त्यांच्या जस्टिन टकरनं ६६ यार्डांवरून मारलं. चेंडू आडव्या दांडीवर आपटला, वर उडाला आणि पलीकडे पडला. तोवरच्या एनएफएलमधला, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगमधला, सर्वांत लांबचा फील्ड गोल (लाथेनं चेंडू दांड्यांमधून मारून मिळणारे तीन गुण). हरलो १९-१७. दोनच आठवड्यांनी मिनेसोटाच्या वायकिंग्सनी ५४ यार्डांचा मारला, तोही शेवटच्या क्षणी. पुन्हा १९-१७! त्या मॅचनंतर कॅम्पबेल पत्रकारांसमोर बोलता बोलता थांबला. डोळे भरून आले होते. पोरं इतकं झोकून देताहेत आणि त्यांच्या पदरात काहीच पडत नाही, याचं त्याला वाईट वाटत होतं. आधीचे कोच हरल्यावर चिडलेले पाहिले होते, गप्प झालेले पाहिले होते. खेळाडूंसाठी रडलेला पहिल्यांदा पाहिला. टीम तेव्हा शून्य-पाच होती. माझा क्षण तोच.

कँटन, मिशिगन

तुमचा २००८ चा उल्लेख वाचून आत काहीतरी हललं. ते वर्ष मी विसरूच शकत नाही. मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत होतो. दोन शिफ्टची एक झाली, मग दर शुक्रवारी कुणाचं तरी टेबल रिकामं. पुढच्या वर्षी जनरल मोटर्स आणि क्रायसलर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. माझी नोकरी एप्रिलमध्ये गेली. लाइनवरचा एक वयस्कर सहकारी होता, त्याच्या जेवणाच्या डब्यावर निळ्या सिंहाचं स्टिकर. कडा निघाल्या होत्या, त्यावर त्यानं पारदर्शक टेप लावली होती. शून्य-सोळा झाल्यावरही ते स्टिकर त्यानं काढलं नाही. का, असं विचारलं तर म्हणाला, माझ्या वडिलांनी काढलं नाही, मी का काढू?

म्हणून मला वाटतं, इथल्या लोकांना आशा कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या आशेची लाज वाटणार नाही असा कोच हवा होता, एवढंच.

रॉचेस्टर हिल्स, मिशिगन

माझा क्षण ५ डिसेंबर २०२१. आठवड्याच्या सुरुवातीला, ३० नोव्हेंबरला, आमच्यापासून जवळच असलेल्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये गोळीबार झाला होता. चार मुलं गेली. नंतर धमक्यांच्या बातम्यांनी आसपासच्या बऱ्याच शाळा बंद ठेवल्या. माझी मुलगी तेव्हा नववीत. ती तीन रात्री आमच्या खोलीत झोपली, आणि मी तिला 'काही होणार नाही' असं सांगू शकत नव्हते, कारण मलाच खात्री नव्हती.

रविवारी टीव्ही नुसता चालू होता. लायन्स तोवर एकही मॅच जिंकलेले नव्हते, दहा हार आणि पिट्सबर्गबरोबरची एक बरोबरी. समोर तेच वायकिंग्स. चार सेकंद उरलेली, चौथा डाउन (दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), गोलरेषा अकरा यार्डांवर. जॅरेड गॉफनं चेंडू फेकला आणि अमॉन-रा सेंट ब्राउननं रेषेच्या आत पकडला. २९-२७. मुलगी सोफ्यावरून उठून उभी राहिली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा ओरडली, आनंदानं.

मॅचनंतर कॅम्पबेलनं तो विजय ऑक्सफर्डच्या लोकांना अर्पण केला आणि त्या मुलांची नावं घेतली. एकेक, पूर्ण नाव. वर्षभर थांबून मिळालेला पहिला विजय, तोही त्यानं स्वतःकडे ठेवला नाही. मला फुटबॉलमधलं अजूनही फारसं कळत नाही. तो माणूस कळला.

स्टर्लिंग हाइट्स, मिशिगन (मूळ कोल्हापूर)

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की पेठा रिकाम्या होतात. त्यो फुटबॉल वेगळा, ह्यो वेगळा, पण आपली टीम म्हणजे आपली गल्ली, हे मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. २०२२ ला लायन्सच्या सराव शिबिरावर टीव्ही मालिका आली होती. त्यात कोच पोरांना जमिनीवर पडून उठायच्या शिक्षेसारख्या जोर-बैठका सांगतोय आणि स्वतःबी त्यांच्यात घामाघूम होऊन मारतोय. तालमीतला वस्ताद असाच असतो. मी बायकोला म्हटलं, ही टीम उठणार बघ.

त्या सीझनला एक-सहा अशी सुरुवात झाली. लोक म्हणाले काढा कोचला. मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प स्वतः पुढं आल्या, माझा ह्या माणसावर विश्वास आहे म्हणाल्या. मग नऊ-आठवर संपलं. शेवटची मॅच ग्रीन बेला, त्यांच्या मैदानावर. आमचं प्लेऑफ मॅच सुरू व्हायच्या आधीच हुकलं होतं. तरीबी पॅकर्सना २०-१६ नं हरवलं, आणि त्यांचंबी घरी बसणं पक्कं केलं. काही मिळणार नसताना जी टीम अशी खेळते, तिला पुढच्या वर्षी मिळतं. मिळालंच.

पिंपळे सौदागर, पुणे

मी २०१४ ते २०१९ ट्रॉयला होतो, मग परत आलो. बाकी अमेरिका मागे राहिली, लायन्स तेवढे बरोबर आले.

१५ जानेवारी २०२४, सोमवार, संक्रांत. तिथे रविवारची रात्र, इथे सकाळचे पावणेसात. डेट्रॉइटमध्ये, फोर्ड फील्डवर, प्लेऑफची मॅच. समोर लॉस एंजेलिस रॅम्स, आणि त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) मॅथ्यू स्टॅफर्ड. आमचाच! बारा सीझन इथे हाडं मोडून घेऊन खेळलेला. कॅम्पबेल आला त्याच सुमारास जनरल मॅनेजर ब्रॅड होम्सनं स्टॅफर्डला रॅम्सकडे दिलं होतं आणि बदल्यात गॉफ आणि ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीतल्या) पुढच्या निवडी घेतल्या. स्टॅफर्डनं तिथे पहिल्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, जिंकला. मला त्याच्यासाठी आनंद झाला होता, मनापासून. गॉफला मात्र सगळे 'सोबत आलेलं ओझं' समजत होते. रॅम्सना तो नको होता आणि आम्हाला तो पुरेसा वाटत नव्हता.

घरात तिळगुळाचा पाक चाललेला. बायको म्हणाली, पाक गोळीबंद झाला का बघ. मी एका हातानं वाटीतल्या पाण्यात थेंब टाकतोय आणि दुसऱ्या हातात फोन. २४-२३. दुसऱ्या अर्ध्यात रॅम्सला एकही टचडाउन करू दिला नाही, तीन-तीन गुणांवर अडवलं. शेवटी घड्याळ संपवायला एकच पास हवा होता आणि गॉफनं तो सेंट ब्राउनला दिला. मग ६० हजारांवर लोक एका सुरात त्याचं नाव घेत होते. जॅ-रेड गॉफ, जॅ-रेड गॉफ. बत्तीस वर्षांनी प्लेऑफमधला विजय, आणि तोही नाकारलेल्या माणसाच्या हातून.

पाक थोडा पुढे गेला. वड्या कडक झाल्या. खाल्ल्या सगळ्यांनी.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

मी वेगळा सूर लावणार आहे, राग मानू नका. मी अ‍ॅन आर्बरला शिकले, म्हणून लायन्सची. राहते फोर्टी-नाइनर्सच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमच्या, अंगणात. २८ जानेवारी २०२४ ची मॅच मी सँटा क्लाराच्या स्टेडियममध्ये बसून पाहिली. मध्यंतराला २४-७ पुढे. सुपर बोल अर्ध्या मॅचवर आलेला. माझ्या भोवतीचे लाल जर्सीवाले अक्षरशः मान खाली घालून बसले होते.

मग २४-१० असताना चौथा डाउन, दोन यार्ड लागत होते. फील्ड गोल घ्यायचा होता. नाही घेतला. पास जॉश रेनल्ड्सच्या हातातून निसटला. पुढे त्यांचा एक लांब पास आमच्या बचावपटूच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून उडाला आणि ब्रँडन आयूकनं पडता पडता पकडला. ५१ यार्ड! मग आमच्या हातून चेंडू सुटला आणि बरोबरी. पुढे तीन गुणांनी मागे असताना पुन्हा चौथा डाउन, पुन्हा फील्ड गोल नाही, पुन्हा काही हाती नाही. ३४-३१ हरलो.

कॅम्पबेल नंतर म्हणाला की त्या निर्णयांचा पश्चात्ताप नाही, आणि कदाचित ही आमची एकमेव संधी असेल, असंही खेळाडूंना सांगितल्याचं म्हणाला. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडतो. पण ते सहा गुण मी अजून मोजते. हिंमत आणि हिशोब दोन्ही कोचकडेच असतात, आणि त्या दिवशी हिशोब कमी पडला, असं माझं स्पष्ट मत आहे.

कँटन, मिशिगन

फ्रीमाँटच्या ताई, राग कसला? त्या रात्री मीही तेच बोललो. पण ही टीम तिथवर पोचली ती वर्षभर चौथ्या डाउनला पुढे जाऊनच. कोचनं आपल्यावर विश्वास टाकलाय हे त्या पोरांना माहीत होतं. सर्वांत मोठ्या दिवशी त्यानं तो काढून घेतला असता, तर पुढच्या वर्षी १५-२ झालं असतं का, मला शंका आहे.

अ‍ॅन आर्बर, मिशिगन

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून माझी आठवण दुखापतीची. एडन हचिन्सन इथलाच मुलगा, मिशिगन विद्यापीठात खेळलेला, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला. १३ ऑक्टोबर २०२४ ला डॅलसमध्ये त्याच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली. आम्ही ४७-९ नं जिंकलो आणि कुणालाच आनंद नव्हता. मी टीव्हीवर तो पाय पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला. ते पुनर्वसन किती महिन्यांचं असतं ते मला ठाऊक आहे. त्या सीझनला बचावफळीतले एकामागून एक जखमी होत गेले, तरी १५ विजय. शेवटी जानेवारीत वॉशिंग्टननं घरच्या मैदानावर ४५-३१ हरवलं, आम्ही पाच वेळा चेंडू गमावला. लगेच आक्रमण आणि बचाव सांभाळणारे दोन्ही को-ऑर्डिनेटर दुसरीकडे हेड कोच होऊन गेले, बेन जॉन्सन शिकागोला आणि एरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सला. ते मात्र मला नीट पचलेलं नाही अजून.

ट्रॉय, मिशिगन

मी इथेच जन्मले, आईनं सांगितलं म्हणून मराठीत लिहितेय, चुका असतील तर सांगा. एप्रिल २०२४ ला ड्राफ्ट डेट्रॉइटमध्ये झाला. तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर माणसं आली, ड्राफ्टचा तोवरचा विक्रम. लहानपणी आम्हाला डाउनटाउनला नेताना बाबा गाडीची दारं लॉक झालीत ना ते दोनदा बघायचे. त्या दिवशी बाबा आणि मी कँपस मार्शियसला चालत गेलो, संध्याकाळ झाली तरी परत जायचं नाव नाही. बाबांनी निळी टोपी विकत घेतली. माझा क्षण तोच.

फार्मिंग्टन हिल्स, मिशिगन

उशिरा लिहितोय. २०२४ च्या हिवाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. थँक्सगिव्हिंगला लायन्सची मॅच १९३४ पासूनची प्रथा, आणि २०१६ नंतर त्या दिवशी आम्ही जिंकलोच नव्हतो. त्या वर्षी शिकागोला २३-२० हरवलं. शेवटी शिकागोकडे टाइमआउट शिल्लक असून त्यांनी घेतला नाही, वेळ निघून गेली. आईनं सगळं पाहिलं आणि विचारलं, पुढची कधी? म्हटलं, पुढच्या गुरुवारी.

तो गुरुवार ५ डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला. आईनं आमच्या छोट्या देवघरासमोर घट मांडला, पाच फळं, कलशावर नारळ, आंब्याची पानं मिळाली नाहीत म्हणून विड्याची. संध्याकाळी कहाणी वाचून उपवास सोडला आणि सव्वाआठला माझ्या शेजारी येऊन बसली. समोर पॅकर्स.

रात्री अकरा वाजून गेले. ३१-३१. पाऊण मिनिटाच्या आत वेळ उरलेली, चौथा डाउन, एक यार्ड. फील्ड गोल मारून तीन गुण घ्यायचे, की पुढे जायचं? कॅम्पबेल पुढे गेला. मी आईला म्हटलं, हे नको करायला होतं. गॉफनं चेंडू घेतला आणि त्याचा पाय अडकला. तो खाली कोसळत होता, आणि कोसळता कोसळता त्यानं चेंडू डेव्हिड माँटगोमेरीच्या पोटाशी दिला. माँटगोमेरी घुसला. सात यार्ड. मग घड्याळ संपवत नेलं, आणि आधी विटा विकायची नोकरी केलेला जेक बेट्स ३५ यार्डांवर उभा राहिला.

आई तेवढ्यात समईत तेल आहे का बघायला उठली होती, ती दारातच थांबली. चेंडू मधोमध गेला. ३४-३१. तिनं मला विचारलं, तो पडला होता ना रे? म्हटलं, हो आई, पडला होता. "मग दिला कसा त्यानं?" असं म्हणत ती आत गेली, आणि मी ते पुन्हा लावून बघत बसलो.