लालबुड्या कोण आणि शिपाई कोण?

प्रश्न : लाल बूड असलेला तो ‘लालबुड्या बुलबुल’, इथपर्यंत कळतं. पण काल एक शिपाई बुलबुल फळ टोचायला फांदीवरून खाली वाकला, शेपटी वर झाली आणि खाली तोच लालभडक रंग! मग लालबुड्या नक्की कोणाला म्हणायचं?

उत्तर : तुम्ही बरोबर पाहिलंत. शेपटीखाली दोघंही लालच. ‘लालबुड्या’ हा ‘लांबनाक्या’च्या घडणीचा अस्सल मराठी शब्द आहे, मला फार आवडतो, पण नुसत्या त्याच्यावर विसंबून पक्षी ओळखू नये. शिपायाची खूण डोक्यावर असते: ताठ, टोकदार काळा तुरा. त्याला नारद बुलबुलही म्हणतात. डोळ्यामागे लाल ठिपका, गाल नि पोट पांढरं. लालबुड्याचं डोकं काळं आणि अंग काळपट तपकिरी. पिसांच्या कडा फिकट असल्यामुळे ते खवल्याखवल्यांचं दिसतं. त्याच्याही डोक्यावर पिसं उभी राहतात, पण त्यांना मी तुरा म्हणणार नाही. ती शेंडी. वर्णन लिहिताना एवढा भेद तरी आपण सांभाळायला हवा.

प्रश्न : आणि गालावर लाल ठिपकाच नसलेला शिपाई?

उत्तर : ते पिल्लू असणार. ठिपका नंतर येतो, बूडही तोवर नारिंगीसर असतं. अशा वेळी तो उडून जाताना पाठ बघा. शेपटीच्या मुळाशी पांढरं चमकलं तर लालबुड्या. शिपायाला तिथे पांढरं नसतं.

शास्त्रीय नावांतही गंमत आहे. शिपाई ‘जोकोसस’, म्हणजे आनंदी, खेळकर. हे स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं नाव त्याला शोभतं. लालबुड्याला मात्र १७६६ मध्ये ‘कॅफर’ म्हटलं गेलं, तो दक्षिण आफ्रिकेतला आहे अशा समजुतीने. तिथला तो नव्हेच, पण आधी दिलेलं नाव टिकवायच्या नियमानुसार नाव तेच राहिलं.

आणखी एक, गझलांचे अनुवाद करणाऱ्यांसाठी. फारसी-उर्दू कवितेत गुलाबासाठी झुरणारी ‘बुलबुल’ म्हणजे नाइटिंगेल. साधा तपकिरी पक्षी, कूळही वेगळं. उर्दूत बहुधा ‘ती’ बुलबुल, मराठीत ‘तो’. अनुवादात ‘बुलबुल’ शब्द खुशाल ठेवा, फक्त त्याला तुरा चढवू नका.