मठाची ओढ खरी कशी ओळखायची?

प्रश्न (अचलपूर तालुका): वय २४. पऱ्हाटीत कापूस वेचताना ओटी भरत जाते अन् ओठांवर स्तोत्र येतं, हात थांबत नाहीत. बेनेडिक्टाईन सिस्टरांचं, म्हणजे संत बेनेडिक्टच्या नियमानं मठात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनींचं, प्रार्थना-श्रमाचं जगणं मला तिथंच समजलं. माय म्हणते, लग्न टाळायचं निमित्त आहे. कसं ओळखू?

उत्तर: ताई, बेनेडिक्टच्या नियमातला ५८वा अध्याय वाच. येणाऱ्याला सहज आत घ्यायचं नाही, वर्षभरात तीनदा नियम वाचून दाखवायचा. पुढे त्याच मठात कायम राहण्याचं व्रत. घाई नकोच.

उत्तर: मी दुसऱ्या संघातली सिस्टर. मायवर रागावलेली असतानाही प्रार्थनेला बसावंसं वाटतं का? ते बघ. मग आठ दिवस मठात राहून ये.

प्रश्नकर्ती: काल भांडण झालं, तरी बसले. रडतच. तूर सोंगली की जाते. मायले सांगितलं, तर म्हणे, "मीबी येतो पाहाले."