जपानी लाकडी ठशांची चित्रकला मेइजी काळाने (1868-1912, जपानच्या आधुनिकीकरणाचा काळ) मारली का?

जुनीपाटी: दोन दिवस कियोचिका या मेइजी काळातल्या चित्रकाराची चित्रं बघतोय, कळवळायला होतं. 1876 ते 81, जेमतेम पाच वर्षं, टोकियोतले गॅसचे दिवे, आगगाडी, तिन्हीसांजेचा उजेड काय काय काढलंय माणसाने, आणि सगळं लाकडी ठशांवर! मग फोटो आले, लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं) आले. 1894-95 च्या चीनबरोबरच्या युद्धाची ठसाचित्रं धो धो खपली पण दहा वर्षांनी रशियाशी जुंपली तेव्हा लोकांना फोटो हवे होते. कोरणारे, छापणारे बसले घरी. खून आहे हा सरळ.

खटपट्या: खून म्हणे 😄 अहो चित्रकार होकुसाईच्या त्या प्रसिद्ध लाटेच्या ठसाचित्रातला निळा युरोपचाच की, प्रशियन ब्लू, 1831 च्या आसपास, तेव्हा कोणी गळा काढला नाही. मुळात धंदा होता हा, चित्र एकाचं, कोरणार दुसरा, छापणार तिसरा, पैसा प्रकाशकाचा. गिऱ्हाईक फोटोकडे गेलं, विषय संपला.

जुनीपाटी: निळ्याचं मान्य. पण मेइजीतला तो अ‍ॅनिलिनचा (रासायनिक रंगाचा) भडक लाल? डोळ्यात खुपतो हो. आणि धंदा म्हणून पोटं भरत होती ना?

शाईबोट: मी स्वतः लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं) करते म्हणून मधे तोंड घालतेय. सगळे घरी नाही बसले. वातानाबे नावाच्या प्रकाशकाने कामाची तीच जुनी वाटणी ठेवून हासुई या चित्रकाराकडून बर्फातली देवळं, पावसातले रस्ते काढून घेतले, 1923 च्या भूकंपात त्याचे ठसे जळाले तरी परत उभा राहिला. गिऱ्हाईक बरंचसं अमेरिकन, ते मात्र खरं. उलट यामामोतो कानाए या चित्रकाराने 1904 मध्ये एका मच्छीमाराचं चित्र स्वतःच काढून, कोरून, छापलं. मला हा जवळचा, पण कोरणाऱ्याचं काम गेलं ते याच्यामुळेही, नुसतं कॅमेऱ्यावर कशाला ढकलता? (हिरोशी योशिदा या जपानी चित्रकाराने आपलं वेरूळ-अजिंठाही ठशांवर काढलंय, जरूर बघा.)

जुनीपाटी: वेरूळ शोधतो. पण कोरणाऱ्याला कधी कोणी विचारलंय? नाव तरी असतं का त्याचं चित्रावर?

खटपट्या: असतं. योशितोशी या चित्रकाराची चंद्राची 100 ठसाचित्रं बघा, 1885 ते 92, म्हणजे तुमच्या त्या खुनाच्याच काळातली. कडेला कोरणाऱ्याचं नाव आहे. आणि केस न् केस कसा कोरलाय तेवढं झूम करून बघा, मग बोलू.